शिक्षकाचा अधिकार कोणता?

वाचक माउलींनो, परमार्थात 'अधिकार' या शब्दाला फार मोल आहे. व्यवहारात अधिकार म्हणजे सत्ता, हुकूम चालवण्याची मुभा. आपल्या संप्रदायात अधिकार म्हणजे लायकी. नारदाच्या गादीवर उभे राहण्याचा अधिकार कोणाला, ग्रंथावर बोलण्याचा अधिकार कोणाला, दुसऱ्याच्या गळ्यात माळ घालण्याचा अधिकार कोणाला, याचा विचार जुनी मंडळी बारकाईने करत. आज तोच प्रश्न शाळेच्या ओट्यावर येऊन बसला आहे. लेकराच्या हाती पाटी देण्याचा अधिकार कोणाला?

प्रश्न आताच का निघाला ते सांगतो. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी, ते जुने असोत की नवे, दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. ज्यांची सेवा पाच वर्षांहून कमी उरली आहे त्यांनी निवृत्तीपर्यंत शिकवावे, पण परीक्षेवाचून बढती मागू नये. अल्पसंख्याकांच्या संस्थांचा प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे गेला. तेव्हापासून आमच्या पेठ तालुक्यात, जिथे दोन गुरुजी भेटतात तिथे हाच विषय. आणि पालकही विचारू लागले आहेत की, गुरुजींची परीक्षा अजून व्हायची आहे, तर मग आमच्या पोरांना इतकी वर्षे शिकवले कोणी?

आधी कायदा काय मागतो ते नीट पाहू. वस्तू न पाहता तिच्यावर निरूपण करू नये. पहिली ते पाचवीला शिकवायचे तर बारावीला किमान पन्नास टक्के गुण हवेत (राखीव प्रवर्गांना सवलत आहे) आणि त्यावर दोन वर्षांची पदविका हवी. तिला पूर्वी डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. सहावी ते आठवीसाठी पदवी आणि त्यावर ही पदविका किंवा बी.एड. नववी-दहावीसाठी पदवी आणि बी.एड., अकरावी-बारावीसाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. हे बी.एड. पूर्वी एका वर्षात होई, २०१५ पासून दोन वर्षांचे झाले. पहिली ते आठवीच्या शिक्षकाला यावर पात्रता परीक्षा आहे, जिला सगळे टीईटी म्हणतात. दीडशे गुण, अडीच तास, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के आणि राखीव प्रवर्गाला ५५ टक्के मिळाले की उत्तीर्ण. शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्यातून ही परीक्षा आली आणि महाराष्ट्रात ती २०१३ साली प्रथम झाली. एवढ्याने नोकरी मिळत नाही. पुढे अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नाव लागण्याची वाट, आणि नाव लागले की तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून ठरावीक मानधन. प्राथमिकला ते सहा हजार होते, २०२३ पासून सोळा हजार झाले.

म्हणजे दहावीनंतर हिशेब केला तर पोरगा पंचविशीला येतो, तरी पूर्ण पगाराचा गुरुजी झालेला नसतो. एवढी तपश्चर्या मागणे योग्य आहे का? शास्त्रात आधी पूर्वपक्ष मांडतात, मग उत्तर देतात. तोच क्रम इथे धरतो.

पहिला पूर्वपक्ष आपल्याच लोकांचा आहे. ते म्हणतात, संतांनी कोणती पदवी घेतली होती? शिकवणे ही दैवी देणगी आहे, प्रशिक्षणाने का गुरू घडतो? ऐकायला हे गोड लागते. पण संतांची चरित्रे नीट वाचली तर उलटेच दिसते. निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांचा उपदेश झाला, मग त्यांनी ज्ञानोबांना, सोपानदेवांना, मुक्ताईला शिकवले. शिकल्यावाचून कोणी शिकवले नाही. एकनाथ महाराज देवगिरीला जनार्दनस्वामींकडे राहिले, तेव्हा आधी सेवा आणि हिशेबाचे काम वाट्याला आले. एका पैची चूक शोधण्यासाठी ते रात्रभर जागल्याची कथा आपण कीर्तनात सांगतोच. आणि शुद्धिपत्राचा प्रसंग आठवा. ती चार लेकरे ब्रह्मविद्येचे भांडार, पण समाजाने कागद मागितला तेव्हा आळंदीहून पैठणला चालत गेली. आम्हाला कागदाची काय गरज, असे म्हणून घरी बसली नाहीत. कागदाने ज्ञानेश्वरी लिहिली नाही हे खरे. तरी समाजाने विचारले तर उत्तर द्यावे लागते, हा विनय त्यांच्याजवळ होता.

आपल्या घरातलेच आणखी एक उदाहरण. गुरुवर्य जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली आणि चार वर्षांचा अभ्यासक्रम ठेवला. त्याआधी कीर्तने होत नव्हती का? होत होती. तरी त्यांना वाटले की लोकांपुढे उभा राहणारा माणूस पाठांतराने, ग्रंथाने आणि आचरणाने तयार झालेला असावा. कीर्तनकार कच्चा निघाला तर श्रोत्याची एक रात्र वाया जाते, दुसऱ्या दिवशी तो दुसरे कीर्तन ऐकतो. दुसरीतल्या लेकराचे वर्ष वाया गेले तर ते कोण परत देणार? शहरातला बाप एक शाळा सोडून दुसरी धरतो. सावळ घाटाच्या अलीकडच्या पाड्यावरच्या मुलाला शाळा एकच आणि गुरुजीही बहुधा एकच. ज्याला निवडीची सोय नाही, त्याच्यापुढे उभा केलेला माणूस आधी पारखून घेतला पाहिजे. गरिबाच्या लेकराला कच्चा गुरुजी चालतो, असे म्हणणे म्हणजे त्याच्या ताटात शिळे वाढणे.

दुसरा पूर्वपक्ष शिक्षकांचा. वीस वर्षे शिकवले, हाताखालची मुले फौजदार झाली, परिचारिका झाल्या, आणि आता या वयात आम्ही नवख्या पोरांच्या रांगेत परीक्षेला बसायचे? हा अपमान नव्हे का? याचे उत्तर तेरच्या गोरोबाकाकांच्या घरी मिळते.

कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमेळा जमला होता. मुक्ताईने थापटी पाहून विचारले, हे काय? काका म्हणाले, कच्चे मडके आणि पक्के मडके ओळखायचे साधन. मग आमचीही परीक्षा करा, असे ठरले, आणि काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटी मारली. सगळे शांत बसले. नामदेवराय मात्र रागावले. देव ज्यांच्याशी बोलत होता, ज्यांच्या हातचा नैवेद्य खात होता, ते कच्चे ठरले! कथेचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. नामदेवराय पंढरीला जाऊन देवाजवळ गाऱ्हाणे करतात. देव त्यांना थोर भक्त म्हणून सोडून देत नाही. गुरू कर, म्हणून विसोबा खेचरांकडे पाठवतो. नामदेवराय औंढ्याला जातात आणि शिकतात. नंतर पंजाबपर्यंत नामाचा झेंडा गेला तो या पक्क्या झालेल्या नामदेवरायांच्या हातून. देवाशी इतकी वर्षांची सलगी असूनही थापटी चुकली नाही, मग आपली वीस वर्षांची नोकरी काय मोठी? म्हणून गुरुजींना माझे सांगणे असे की परीक्षा लाजेची मानू नये. रात्री आपल्या घरात गुरुजी पुस्तक उघडून बसलेले पोरांनी पाहिले, तर तोही एक धडाच आहे.

पण सज्जनहो, थापटीची गोष्ट इथे संपत नाही. कुंभार थापटी दोन वेळा वापरतो. पक्क्या मडक्यावर वाजवून तो आवाज ऐकतो, ती परीक्षा. त्याआधी मडके ओले असते तेव्हाही तो थापटीने ठोकतो, पण त्या वेळी दुसऱ्या हाताने आतून दगडी गोळा धरतो. आत आधार नसेल तर ठोकलेले मडके बसते. ज्यांनी थापटी उगारली आहे त्यांनी आतला हात विसरू नये. डोंगरातल्या शाळेवर दोन इयत्तांना एकटा शिकवणारा, शाळेची माहिती भरणारा, निवडणुकीच्या आणि गणनेच्या कामाला जाणारा गुरुजी अभ्यास केव्हा करणार? त्याला पुस्तके द्या, जवळ शिकण्याची सोय द्या, दोन वर्षांतले काही दिवस मोकळे द्या. देवानेही नामदेवरायांना कच्चे ठरल्यावर विसोबांचा पत्ता दिला होता. नुसता निकाल देऊन त्यांना वाऱ्यावर सोडले नव्हते.

तिसरा पूर्वपक्ष कोणी तोंडाने मांडत नाही, पण वागण्यातून तो दिसतो. प्रमाणपत्र हातात आले की अधिकार आला, असा हा पक्ष आहे. याची विटंबना महाराष्ट्राने पाहिली. २०१९-२० च्या टीईटीत पैसे घेऊन गुण वाढवल्याचा प्रकार २०२१ च्या अखेरीस उघडकीस आला. परीक्षेच्या यंत्रणेतलेच काही अधिकारी अटकेत गेले आणि साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. गळ्यात माळ आहे आणि खिशात बाटली आहे, असा हा प्रकार. व्यापाऱ्याने वजनात चोरी केली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी भांडते. खोट्या कागदावर वर्गात उभा राहिलेला माणूस ज्याचे चोरतो, त्या लेकराला चोरी झाल्याचे कळतही नाही.

कागद खरा असला तरी तो कोणत्या कामाचा, हे पाहावेच लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक निकाल दिला होता. बी.एड. झालेला उमेदवार पहिली ते पाचवीच्या शिक्षकपदाला पात्र धरता येणार नाही, त्यासाठी प्राथमिकची पदविकाच हवी. अनेकांना आश्चर्य वाटले, कारण बी.एड. ही मोठी पदवी. मला त्यात नवल वाटले नाही. अमृतानुभवावर तास तास बोलणारे विद्वान मी पाहिले आहेत. सप्ताहात दुपारी गावची बारकी पोरे समोर बसवून त्यांना हरिपाठ सांगा म्हटले की त्यांची वाचा बंद होते. लहान मुलाला शिकवणे हे कमी ज्ञानाचे काम आहे, हा आपला जुना गैरसमज आहे. ती वेगळी विद्या आहे आणि ती वेगळी शिकावी लागते.

ती कशी शिकावी याचे उदाहरण आमच्या डोंगरापलीकडेच घडले. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचे काम करून आल्या होत्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर काम वाढले. वारली मुले बालवाडीत येईनात, म्हणून ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. मुले गुरे चारायला जातात, तर कुरणातच शाळा भरवली. गाठीशी एवढे शिक्षण असलेल्या बाईंना पाड्यावरच्या मुलांनी पुन्हा शिकायला लावले, आणि त्या शिकल्या. माझ्या मते प्रशिक्षणाचा खरा दाखला तो.

आमच्या पेठेत हीच गोष्ट भाषेच्या रूपाने उभी आहे. कोकणा, महादेव कोळी, वारली घरांतले लेकरू पहिलीत येते ते आपली बोली घेऊन. पुस्तकातली मराठी त्याला पाव्हण्यासारखी वाटते. नवा गुरुजी काही विचारतो, मूल गप्प राहते, आणि गुरुजींचा समज होतो की मूल मठ्ठ आहे. मूल मठ्ठ नसते. प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचलेला नसतो. ज्ञानोबारायांनी नेवाशाला गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत सांगितला तो शके १२१२ साली, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये. ज्याला ऐकवायचे त्याच्या भाषेत उतरावे, हा संप्रदायाचा मूळ पाठ आहे. तेव्हा पेठेत येणाऱ्या गुरुजींनी पहिल्या वर्षी मुलांकडून त्यांची बोली शिकावी. त्यासाठी प्रमाणपत्र लागत नाही, जमिनीवर मुलांजवळ बसावे लागते.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात याच अंगाने मागणी केली होती. प्राथमिक शिक्षक शक्य तो शेतकरी वर्गातून घ्यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील आणि त्यांच्या गरजा जाणतील. त्यांना प्रशिक्षण द्यावे. आणि पगार पोटापुरता असावा. तिन्ही गोष्टी त्यांनी एकत्र मागितल्या होत्या. आज पेठ तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे आणि २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने इथली शिक्षकपदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी धरली गेली. पुढे तो विषय न्यायालयात अडला आणि तरुणांना रस्त्यावर बसावे लागले. जोतीरावांची मागणी अजून पुरती फेडलेली नाही, एवढे खरे. मात्र स्थानिक तरुणालाही सांगावेसे वाटते की, आपल्या पाड्याचा असणे हा अर्धा अधिकार झाला. उरलेला अभ्यासानेच मिळवावा लागेल.

आता सिद्धांत सांगतो. पात्रतेची परीक्षा हवी, प्रशिक्षण हवे, कागद खरा हवा. हे तिन्ही असून शिक्षक घडत नाही असे दिसते, तेव्हा काय कमी पडते? माझे उत्तर वारकऱ्याचे आहे. वारी म्हणजे पुन्हा पुन्हा येणे. माळ एकदा घालतात, वारी दरवर्षी करावी लागते. माळ घातली त्या दिवशी माणूस वारीला बांधला जातो, पुढच्या आषाढीला तो निघाला की नाही यावर तो वारकरी ठरतो. शिक्षकाचे प्रमाणपत्र ही त्याची माळ समजा. शाळा ही त्याची रोजची वारी.

आमच्याकडे या वारीला कस लागतो. नाशिकहून पेठ पन्नास-पंचावन्न किलोमीटर, त्यापुढे पाड्यांच्या वाटा. श्रावणात घाटात धुके, ओढ्यांना पूर. बरेच गुरुजी रोज नाशिकहून ये-जा करतात. दिवाळीनंतर उलटी अडचण येते. गुरुजी येतात, पण मुले नसतात. आईबाप दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागांच्या कामाला गेलेले आणि लेकरे त्यांच्या मागे. अशा वेळी मूल परत आले की नाही हे पाड्यावर जाऊन विचारणारा गुरुजी आणि गैरहजेरीची खूण करून मोकळा होणारा गुरुजी, दोघांची प्रमाणपत्रे सारखीच असतात. टीईटीच्या दीडशे प्रश्नांत हा प्रश्न नाही. तो असूही शकत नाही, कारण त्याचे उत्तर अडीच तासांत लिहिता येत नाही, त्याला वर्ष लागते.

माझ्या लहानपणी आमचे गुरुजी 'फायनल' पास होते, म्हणजे सातवी, आणि पुढे त्यांनी शिक्षकाचे प्रशिक्षण घेतले होते. आजच्या मोजमापात ते कुठेच बसले नसते. पण पावसाळ्यात ते धोतर खोचून ओढा ओलांडत आणि रात्री चिमणीच्या उजेडात उद्याचा धडा आज वाचत. कमी शिकलेला गुरुजी बरा, असा अर्थ यातून काढू नये. जेवढे शिकले होते ते त्यांनी रोज घासून लख्ख ठेवले होते, हे सांगायचे आहे. आजही अशी माणसे आहेत. शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळी नावाच्या पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा वर्षाचे ३६५ दिवस भरते म्हणून राज्यभर तिचे नाव झाले. मुले दोन्ही हातांनी लिहितात ते पाहायला लोक जातात. मला विचाराल तर पाहण्यासारखे ते ३६५ दिवस आहेत.

ही वारी होते की नाही, हे पाहायचे कोणी? पुण्या-मुंबईतून ते दिसत नाही. शिक्षण हक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. म्हणजे एक थापटी आपल्याही हातात आहे. आपण सप्ताहाच्या समितीत नाव यावे म्हणून धडपडतो आणि शाळेच्या समितीच्या बैठकीला अंगठा पाठवून देतो. माळकऱ्यांनी हे बदलावे. महिन्यातून एकदा शाळेत जाऊन बसावे. गुरुजींवर खेकसण्यासाठी जाऊ नये, आतला हात धरण्यासाठी जावे. गुरुजींना गावात राहायला खोली नसेल तर ती द्यावी. परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या बाईंच्या वर्गात एखाद्या दुपारी गावातल्या शिकलेल्या सुनेने पाढे घ्यावेत. कामाला जाताना पोरांना आजीजवळ ठेवता येत असेल तर ठेवावे. आपले लेकरू शाळेच्या वारीला चुकू लागले, तर गुरुजींना जाब विचारण्याचा आपला अधिकारही तेवढाच उणा होतो.

सप्ताहात विण्याचा पहारा असतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाटे तीनच्या पहाऱ्याला उभा असलेला माणूस पुढच्याची वाट पाहत असतो, आणि पुढचा आल्याखेरीज त्याला हलता येत नाही. तिथे कोणी विचारत नाही की तू कोणता ग्रंथ वाचलास. वेळेवर आलास का आणि वीणा नीट धरलीस का, एवढेच पाहतात. पण वीणा कशी धरायची हे मात्र त्याने आधीच शिकून यावे लागते.

रामकृष्ण हरी.